काचेच्या गोटीवरचा व्रण : तारीख नसलेल्या वस्तूचे वय कसे ठरते?

१/
अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या घरातले सामान विकायला निघाले, की त्यात पुष्कळदा एक काचेची बरणी असते. बरणीत दोन-तीनशे गोट्या. काही एकरंगी, काहींच्या पोटात रंगाची वळणे, काहींवर पट्टे, काहींना टवके. कोणत्याही गोटीवर कारखान्याचे नाव नाही, सन नाही, किंमत नाही. ज्या मुलांनी त्या जमवल्या, ती केव्हाच म्हातारी होऊन गेली. संग्राहक ती बरणी घरी आणतो, गोट्या पांढऱ्या कापडावर पसरतो आणि त्याच्यासमोर एक शुद्ध इतिहासाचा प्रश्न उभा राहतो : यांतली १९१० ची कोणती, १९३० ची कोणती आणि १९५५ ची कोणती? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/
प्रश्न खेळण्याचा असला तरी पद्धत आपल्या ओळखीची आहे. शिवराई हाती घेणाऱ्याला हा पेच ठाऊक असतो. नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत, म्हणून ते शिवकाळातले ठरत नाही. त्याच अक्षरांची नाणी पुढे पेशवाईतही पडत राहिली. तेव्हा अक्षरांचे वळण, चिन्हे, वजन आणि ठशाची घडण पाहून नाणे काळाच्या एखाद्या पट्ट्यात बसवावे लागते. वस्तूवरचे नाव एक सांगते आणि घडण दुसरे सांगते. गोट्यांच्या बाबतीत तर बहुधा नावही नसते. उरते ती फक्त घडण.

३/
हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे दगडाच्या व भाजलेल्या मातीच्या लहान गोळ्या सापडल्या आहेत. त्यांचे वय ठरते ते मुख्यतः त्या ज्या थरात मिळाल्या त्या थरावरून. बरणीतल्या गोट्यांना थर नसतो. आजोबांची गोटी, वडिलांची गोटी आणि नातवाने परवा दुकानातून आणलेली गोटी एकाच बरणीत एकमेकींना खेटून बसतात. उत्खननाच्या भाषेत बोलायचे तर हा पूर्णपणे ढवळलेला थर आहे. म्हणून प्रत्येक गोटीची चौकशी तिच्या अंगावरच्या खुणांवरून, स्वतंत्रपणे करावी लागते.

४/
पहिली विभागणी : हाताने केलेली की यंत्राची? एकोणिसाव्या शतकात काचेच्या उत्तम गोट्यांचे माहेरघर होते जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातले लाउशा. तेथे १८४० च्या दशकाच्या अखेरीस गोट्या घडवण्याची खास कात्री प्रचारात आली. रंगीत काचेचे धागे पोटात घेतलेली कांडी तापवायची, तिचे मऊ टोक त्या कात्रीच्या वाटीत फिरवून गोल करायचे आणि कापून वेगळे करायचे. जेथे गोटी कांडीपासून तुटते, तेथे खरबरीत किंवा घासून सपाट केलेला डाग राहतो. बोटाने चाचपला तरी तो लागतो. हा डाग म्हणजे हस्तनिर्मितीची पहिली साक्ष.

५/
यंत्राची कथा ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू होते. १८८० च्या दशकात सॅम्युएल डाइक याने तेथे मातीच्या गोट्या मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि गोटी पोराच्या खिशातल्या पैशाला परवडू लागली. काचेची गोटी मात्र अजून जर्मनीहून येत होती. तो क्रम बदलला मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कारागिराने. त्याने आधी बेअरिंगसाठी पोलादी गोळ्या करण्याच्या यंत्रावर काम केले होते. तीच कल्पना त्याने काचेला लावली. गोलाकार वस्तू घडवण्याच्या त्याच्या यंत्राला १९०५ मध्ये पेटंट मिळाले.

६/
यंत्राचे तत्त्व साधे आहे. वितळलेल्या काचेचा गोळा फिरत्या खाचांमध्ये पडतो. तो फिरत राहतो आणि फिरता फिरताच थंड होतो. कुंभार चाकावर मातीला आकार देतो तो बोटांच्या दाबाने. येथे दाब देणारे कोणी नसते. सतत फिरण्यामुळे मऊ काचेची एकही बाजू खाली टेकून चपटी होऊ शकत नाही आणि ती गोल राहूनच कडक होते. त्यामुळे यंत्राच्या गोटीला घासून काढलेला डाग नसतो. परंतु म्हणून ती निर्व्रण असते असे नाही. काच भट्टीतून तोडावी तर लागतेच, आणि जेथे तुटते तेथे खूण राहतेच.

७/
येथे नवख्या संग्राहकाची नजर चुकते. त्याला वाटते, १९०५ नंतर सारे यंत्राने झाले. प्रत्यक्षात ख्रिस्टेन्सनचे यंत्र फक्त गोल करीत असे. काच भट्टीतून काढणे हे माणसाचे काम होते. कामगार लोखंडी सळई भट्टीत घालून तिच्या टोकावर वितळलेली काच गुंडाळून घेई, ती यंत्रावर धरी, काच ओघळू लागली की ठरावीक माप पाहून कात्रीने तोडली जाई आणि तो तुकडा खाचांत पडे. म्हणजे या गोट्या अर्ध्या हाताच्या, अर्ध्या यंत्राच्या. संग्राहक त्यांना हाताने काच घेतलेल्या यंत्रगोट्या म्हणतात, आणि त्या यंत्रयुगाच्या पहिल्या पिढीतल्या.

८/
त्या ओळखायच्या कशा? रंगीत काचेत पांढरी काच मिसळून अकीक दगडाची नक्कल केलेली असते. सळई हातात फिरवत काच गुंडाळल्यामुळे पांढरी रेघ एका टोकाला वळते आणि तेथे इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी आकृती उमटते. विरुद्ध टोकाला कात्रीने तोडल्याची बारीक, शेपटीसारखी खूण असते. वर नऊ, खाली शेपूट. दोन्ही स्पष्ट असतील, तर तारीख १९०० च्या दशकापासून फार तर १९२० च्या दशकापर्यंतच्या पट्ट्यात येते. कारण त्यानंतर हे हाताचे काम झपाट्याने मागे पडले.

९/
तो नऊचा आकडा म्हणजे एका माणसाच्या मनगटाने काढलेला पीळ आहे. भट्टीच्या धगीसमोर दिवसभर उभे राहून हजारो वेळा केलेली तीच एक हालचाल. पेटंटच्या कागदावर ख्रिस्टेन्सनचे नाव आहे. सळई फिरवणाऱ्याचे नाव कोणत्याही गोटीवर नाही. तरीही पेटंटचा कागद न पाहिलेल्या माणसाला गोटी पाहून कळते की येथे एक हात होता, आणि तो कोणत्या बाजूला वळला. कारखान्यांच्या इतिहासात कामगाराची अशी थेट खूण हाती लागणे दुर्मीळ आहे.

१०/
आता पेटीकडे येऊ. मूळ खोक्यासह गोट्या मिळाल्या, तर प्रश्न सुटलाच असे वाटते. उदाहरण पाहा. अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनी १९१०-११ च्या सुमारास अ‍ॅक्रनमध्येच उभी राहिली. तिच्या संस्थापकांतला होरेस हिल हा पूर्वी ख्रिस्टेन्सनच्याच कारखान्यात हिशेबनीस होता. सुरुवातीला या कंपनीकडे स्वतःची भट्टी नव्हती. ती ख्रिस्टेन्सनच्या गोट्या घाऊक विकत घेऊन आपल्या खोक्यांत भरून विकत असे. म्हणजे खोके अस्सल, गोट्याही अस्सल, दोन्ही एकाच काळातली. आणि तरीही खोक्यावरचे नाव गोटीच्या निर्मात्याचे नाही.

११/
१९१४ मध्ये अ‍ॅक्रो अ‍ॅगेट वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गला गेली. कारण काव्यात्म नव्हते : तेथे नैसर्गिक वायू स्वस्त होता आणि काचेला लागणारी वाळू जवळ होती. या स्थलांतरामुळे काळनिश्चितीची एक सोपी रेषा मिळते. खोक्यावर क्लार्क्सबर्गचा पत्ता असेल, तर ते खोके १९१४ च्या आधीचे नाही. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, जर्मन माल येणे बंद पडले आणि अमेरिकन गोट्यांना मैदान मोकळे मिळाले. ख्रिस्टेन्सनला मात्र त्याचा लाभ झाला नाही. तो १९१५ मध्ये वारला आणि युद्धकाळातल्या वायूटंचाईत त्याचा कारखाना १९१७ मध्ये बंद पडला.

१२/
पुढचा टप्पा पूर्ण यंत्राचा. भट्टीतून काचेची धार आपोआप खाली येऊ लागली, यांत्रिक कात्री तिचे तुकडे करू लागली आणि ते तुकडे शेजारी-शेजारी फिरणाऱ्या दोन दंडगोलांवर पडू लागले. दंडगोलांवर मळसूत्रासारखी खाच असते. गोटी त्या खाचेतून फिरत फिरत पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत कडक होते. हाताचा नऊ नाहीसा झाला. त्याच्या जागी आले कात्रीच्या दोन घावांचे दोन सांधे, गोटीच्या दोन ध्रुवांवर : एक तुकड्याच्या वरच्या टोकाचा, एक खालच्या.

१३/
हे सांधेही कायमचे नव्हते. सुरुवातीच्या दंडगोलांवर गोटी बहुतांशी एकाच अक्षाभोवती फिरे, त्यामुळे ध्रुवांवरच्या खुणा मिटत नसत. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅक्रोने दंडगोल एकमेकांच्या किंचित पुढेमागे बसवायला सुरुवात केली. आता गोटी सर्व दिशांनी गडगडू लागली आणि सांधे जवळजवळ पुसले गेले. पाहता पाहता एक छोटी यांत्रिक सुधारणा इतिहासकाराच्या हातात काळाची रेषा देऊन गेली. अ‍ॅक्रोच्या गोटीवर ध्रुवांचे बारीक सांधे दिसतात की नाही, एवढ्यावरून आधीचा काळ आणि नंतरचा काळ असे दोन ढीग करता येतात.

१४/
रंगांची मांडणीही बोलते. अ‍ॅक्रोची सर्वांत ओळखीची गोटी ‘कॉर्कस्क्रू’. रंगाचा पट्टा एका ध्रुवापासून निघतो, गोटीभोवती जिन्यासारखा वळत जातो आणि समोरच्या ध्रुवावर संपतो. काचेची धार खाली येतानाच फिरवली जात असल्याने हा पीळ पडतो. इलिनॉयमधील ऑटावा येथील पेल्टियर कंपनीच्या गोट्यांवर पट्टे वळत नाहीत. ते फितीसारखे एका सांध्याकडून दुसऱ्या सांध्याकडे जातात. म्हणून अनुभवी संग्राहक आधी रंग पाहत नाही. पट्टा कोठून निघाला आणि कोठे संपला, हे तो आधी पाहतो. रंग कोणीही विकत घेऊ शकतो. यंत्राची चाल सहजासहजी बदलत नाही.

१५/
अर्थात यंत्राची चालही चोरता येते, निदान तसा आरोप होतो. अ‍ॅक्रोतून बाहेर पडलेल्या माणसांनी १९३० मध्ये मास्टर मार्बल ही कंपनी काढली आणि पेटंटच्या हक्कांवरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. वेस्ट व्हर्जिनियाच्या उत्तर विभागातील संघीय न्यायालयाचा या वादातला निर्णय १९३७ चा आहे. कारखानदारांना तो खटला डोकेदुखी वाटला असेल. अभ्यासकाला मात्र तो देणगी आहे. यंत्रात काय नवे होते आणि काय जुनेच होते, याचा ऊहापोह तेथे वकिलांना करावा लागला. खेळण्यांच्या इतिहासात असे कागद फार थोडे असतात.

१६/
आता नावांच्या सापळ्यांबद्दल. ‘अ‍ॅगेट’ म्हणजे अकीक. दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या पोकळ्यांत तयार होणारा, खंभातच्या कारागिरांनी शतकानुशतके घासून मणी केलेला तो दगड. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन येथे खऱ्या अकीकाच्या गोट्याही होत असत. त्या महाग होत्या आणि मुलांना हव्याशा वाटत. अमेरिकन काचकारखानदारांनी त्या प्रतिष्ठेचे नाव उचलले. अ‍ॅक्रो अ‍ॅगेट, ख्रिस्टेन्सन अ‍ॅगेट, व्हिट्रो अ‍ॅगेट, या साऱ्या कंपन्यांच्या गोट्या काचेच्या. भिंगाखाली अकीकात नैसर्गिक पट्ट्यांचे थर दिसतात. काचेत वाहते रंग आणि कधी हवेचे बुडबुडे.

१७/
दुसरा सापळा यापेक्षा खोल आहे. ‘ख्रिस्टेन्सन अ‍ॅगेट कंपनी’ हे नाव वाचून कोणीही ती मार्टिन ख्रिस्टेन्सनची समजेल. ती त्याची नव्हे. ही कंपनी १९२५ मध्ये ओहायोतील पेन या गावी निघाली, पुढे केंब्रिजला गेली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद पडली. मार्टिन तोवर कधीच वारला होता, त्याचा मुलगाही हयात नव्हता. प्रसिद्ध नावाची पुण्याई तेवढी नव्या दारावर लावली गेली. आयुष्य जेमतेम काही वर्षांचे. पण रंग असे झगझगीत, की पारदर्शक काचेवर रंगीत ठिपके विखुरलेल्या तिच्या ‘गिनी’ गोट्यांसाठी संग्राहक आज जीव टाकतात. शिवराईचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो : नावावरून माणूस आणि काळ गृहीत धरू नये.

१८/
तिसरा सापळा संग्राहकांनी स्वतःच लावलेला. पेल्टियरच्या निळ्या गोटीवर लाल व पिवळे पट्टे असले की तिला ‘सुपरमॅन’ म्हणतात. सुपरमॅन हे पात्र छापले गेले १९३८ मध्ये. हा प्रकार मात्र साधारणपणे १९२० आणि १९३० च्या दशकांतला मानला जातो. नाव कारखान्याने दिलेले नाही. पुढच्या काळातल्या हौशी मंडळींनी रंगसाम्यावरून ठेवले. म्हणून ‘सुपरमॅन, अर्थात १९३८ नंतरची’ हे अनुमान नियमशीर दिसले तरी पोकळ आहे. नाव समकालीन आहे की मागाहून चिकटवलेले, हे ठरल्याशिवाय त्यावर तारीख टांगता येत नाही. बखरीतल्या पदव्यांबाबत आपण हेच म्हणतो.

१९/
उलट, नाव किंवा चित्र खरोखर समकालीन असेल, तर ते फार मोलाचे ठरते. पेल्टियरने व्यंगचित्रांतल्या बारा पात्रांची चित्रे गोट्यांवर छापली. त्या संचात बेटी बूप आहे. बेटी बूप प्रथम पडद्यावर आली १९३० मध्ये. म्हणजे तिचे चित्र असलेली गोटी त्याच्या आधीची असणे शक्य नाही. तसेच अ‍ॅक्रोचे पॉपायचे चित्र असलेले खोके. पॉपाय वृत्तपत्रात अवतरला जानेवारी १९२९ मध्ये. यातून मिळते ती खालची मर्यादा, ‘याच्या आधीची नाही’ एवढीच. वरची मर्यादा वेगळ्या पुराव्याने शोधावी लागते. अर्धी तारीख मिळाली म्हणून पूर्ण लिहू नये, हा संयम येथे शिकायला मिळतो.

२०/
खालच्या मर्यादेची सर्वांत उपयोगी खूण आपल्याकडच्या प्रत्येकाने हाताळली आहे. स्वच्छ काच आणि तिच्या पोटात रंगीत पाकळी : संग्राहक तिला ‘मांजराचा डोळा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी ही गोटी अमेरिकेत पाठवली आणि १९५० च्या दशकात तिने बाजार पालटला. पोटात थोडीशीच रंगीत काच, बाकी सारी साधी; त्यामुळे ती स्वस्त पडे. मार्बल किंग, व्हिट्रो, पेल्टियर या कंपन्यांना आपापले ‘डोळे’ काढावे लागले. पेल्टियरच्या गोटीत केळ्यासारखी एकच पाकळी असते, म्हणून तिचे नाव ‘बनाना’. अ‍ॅक्रोची भट्टी १९५१ मध्ये विझली.

२१/
याच काळात आणखी एक काटकसर आली. रंगीत काच महाग, म्हणून रंगाचा केवळ पातळ थर वर आणि आत साधी पांढरी किंवा पारदर्शक काच. वरून ही गोटी जुन्या गोटीइतकीच भरगच्च दिसते. तिचे गुपित फुटते ते टवका उडाल्यावर. मार्बल किंगची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ‘बंबलबी’ अशा ठिकाणी पाहावी : रंग सालीपुरता आणि आतला गर वेगळा. चांगल्या, अभंग गोटीपेक्षा फुटकी गोटी येथे अधिक सांगते. म्हणून जाणता संग्राहक बरणीतले तुकडे फेकून देत नाही. तो ते वेगळ्या पुडीत ठेवतो.

२२/
उपकरणे कोणती? दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्यास मोजायचे कॅलिपर, चांगला प्रकाश आणि अतिनील दिवा. यंत्राची नेहमीची गोटी सुमारे १६ मिलिमीटरची असते. अतिनील प्रकाशात काही गोट्या हिरव्या झळकतात, कारण त्या काचेत रंगासाठी युरेनियम घातलेले असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युरेनियमच्या वापरावर सरकारी निर्बंध आले, म्हणून ‘झळकली की युद्धापूर्वीची’ असा ठोकताळा पसरला. तो अपुरा आहे. निर्बंध उठल्यावर अशी काच पुन्हा होऊ लागली आणि आजही होते. झळाळी हा फार तर एक साक्षीदार, निकाल नव्हे.

२३/
एक पाहुणा बरणीत हमखास सापडतो : फिकट हिरवट, एकरंगी, साधी गोटी. ती खेळण्याची असेलच असे नाही. इंग्रज अभियंता हायरम कॉड याने १८७० च्या दशकात सोड्याची एक बाटली प्रचारात आणली. बाटलीच्या गळ्यात गोटी असते. आतल्या वायूच्या दाबाने ती वर जाऊन रबराच्या कड्यावर घट्ट बसते आणि तीच बुचाचे काम करते. आपल्याकडचा गोटी सोडा तो हाच. बाटली फुटली की पोरे गोटी पळवीत. असे बूच खेळण्यात शिरले म्हणजे त्याचा इतिहास पेयाच्या कारखान्यात सुरू होतो आणि अंगणात संपतो. त्याला फक्त ‘जुनी गोटी’ म्हणून नोंदवणे म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य खोडणे.

२४/
पुरावा पक्का करण्याचा राजमार्ग म्हणजे कारखान्याची जागा. बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात बिघडलेल्या गोट्या, चिकटलेल्या जोड्या आणि काचेचे तुकडे पुरलेले असतात. बिघडलेला माल कोणी दुसऱ्या गावाहून आणून टाकत नाही. म्हणून क्लार्क्सबर्ग किंवा केंब्रिजच्या मातीतून निघालेला वाकडा तुकडा शंभर देखण्या गोट्यांपेक्षा विश्वासार्ह ठरतो. अशा तुकड्यांमुळे अनेक गोट्यांचे श्रेय एका कंपनीकडून दुसरीकडे गेले आहे. मात्र ही खोदकामे पुष्कळदा हौशी मंडळींनी केली. कोणता तुकडा किती खोल मिळाला, याची नोंद न ठेवता माल पिशवीत भरला, की थर कायमचा गेला.

२५/
आणि आता खरा धोका. किंमत वाढली की बनावट वाढते, हे नाणेसंग्राहकांना सांगायला नको. गोट्यांत बनावटीहून अधिक हानी दोन ‘प्रामाणिक’ व्यवहार करतात. पहिला : रिकाम्या जुन्या खोक्यात त्याच काळातल्या दुसऱ्या गोट्या भरून संच पूर्ण करणे. खोके खरे, गोट्या खऱ्या, आणि त्यांचे नाते खोटे. पुढचा अभ्यासक त्या खोक्यावरून निष्कर्ष काढील आणि चूक पुस्तकात जाईल. दुसरा व्यवहार याहून निष्पाप दिसतो आणि याहून अधिक नुकसान करतो. तो म्हणजे गोटी घासून चकचकीत करणे.

२६/
खेळून खेळून गोटीवर चंद्रकोरीसारखे घाव पडतात, वरचा तजेला जातो. यंत्रात घालून तिचा वरचा थर उतरवला, की ती नव्यासारखी होते. त्या थरासोबत काय जाते? कात्रीचा घाव जातो. ध्रुवावरचा सांधा जातो. मनगटाने काढलेल्या नवाची टोके बोथट होतात. व्यास कमी होतो, त्यामुळे मापाचा पुरावाही जातो. मागे राहतो एक सुंदर, गोल, मुका काचेचा तुकडा. मोडी कागदावरचा डाग काढताना अक्षरेच धुऊन टाकावीत, तसे हे आहे. आणि कागदाची निदान आधी नक्कल केलेली असू शकते. गोटीच्या सांध्याची नक्कल कोणी ठेवत नाही.

२७/
बाजाराचा नियम येथे इतिहासाच्या उलट चालतो. बाजारात सर्वांत महाग ती गोटी, जिला कोणी कधी खेळले नाही. जी दुकानाच्या खोक्यातून थेट कपाटात गेली. जिच्यावर घाव आहेत तिची किंमत निम्म्याहून खाली येते. पण गोटी ज्या कामासाठी जन्मली ते काम तिने केले, याचा एकमेव पुरावा ते घाव आहेत. लहान मुले आपल्या खेळाच्या वह्या ठेवत नाहीत. कोणती गोटी लाडकी होती, कोणती नेम धरण्यासाठी राखून ठेवली होती, कोणती हरल्यावर रडू आले, हे कोठेही लिहिलेले नाही. एकाच गोटीवर दाट घाव आणि तिच्या सोबतिणी मात्र तुकतुकीत, एवढीच काय ती नोंद.

२८/
म्हणून कोणा घरी अशी बरणी निघाली, तर क्रम असा असावा. धुण्याआधी छायाचित्र. एकेक विकण्याआधी संपूर्ण बरणीची यादी : कोण कोणाबरोबर होती, बरणी कोणत्या गावातली, घरात मुले साधारण कोणत्या दशकात वाढली. मग भिंग, व्यास, सांधे, पट्ट्याचा आरंभ आणि शेवट. तारीख लिहायची ती पट्ट्याने : ‘१९१४ नंतर’, ‘१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी’. ज्याला एकच सन लिहायची घाई आहे, त्याने नाणी, पत्रे आणि गोट्या, तिन्हींपासून दूर राहावे. पाण्याने आणि मऊ कापडाने पुसणे पुरेसे. त्यापुढे हात आवरावा.

२९/
अ‍ॅक्रन शहरात पुढे गोट्यांचे एक संग्रहालय उभे राहिले. तेथल्या भट्ट्या विझल्या त्याला शतक उलटून गेले. ख्रिस्टेन्सनचे पेटंट कोणालाही वाचता येते, खटल्याचा निकाल कोणालाही मिळतो. सळई फिरवणारा कामगार आणि गोटी फेकणारे पोर, या दोघांचे कागद मात्र नाहीत. त्यांची साक्ष त्या सोळा मिलिमीटर काचेवरच आहे : एकाची कात्रीच्या घावात, दुसऱ्याची खेळाच्या घावात. पहिल्याने काळ कळतो, दुसऱ्याने आयुष्य. बरणी पुढच्या हातात जाताना हे दोन्ही घाव शाबूत राहिले, तर संग्राहकाने आपले काम केले.

(धागा समाप्त)